माळ कुणी उचलायची?

साताऱ्याकडच्या एका गावात आक्का मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी खुबा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं केलं. घरी आल्यावर मात्र त्या खाटेला खिळल्या. थोरला मुलगा मोठा मायाळू. पाणी तोंडाशी, घास हातानं, लघवीला भांडं. गावभर त्याचं कौतुक झालं. कौतुकाचं हेच वाईट, ते माणसाला थांबू देत नाही.

टाके पाहायला सिस्टर आल्या. त्यांनी आधी पोटरी चाचपली, मग टाच बघितली. टाचेवर लाल चट्टा होता, बोटानं दाबला तरी फिका पडेना.

"दादा, ही जखमेची सुरुवात. असंच झोपवून ठेवलंत तर पायात रक्ताची गुठळी होईल. ती फुफ्फुसात गेली की जिवावर बेततं."

मुलगा गडबडला. आईला उठवायला त्यानं काखेत हात घातला.

"हात मागे घ्या. आजी, तुम्हीच उठा. आधी वॉकर पुढं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला."

चार पावलांत आक्कांना घाम फुटला. मुलाला ती बाई निर्दय वाटली, पण त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले.

देवघरापाशी आक्कांच्या हातातली जपमाळ खाली पडली. सवयीनं त्या वाकायला लागल्या. मुलगा शहाण्यासारखा बघत उभा.

"अहो दादा, बघताय काय? उचला ती!"

"आत्ताच तर हात मागे घ्या म्हणालात."

"चालणं त्यांचं काम. वाकणं तुमचं. कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकल्या तर नवा सांधा निखळेल."

मग सिस्टरांनी त्याला भरपूर कामाला लावलं. कमोडवर उंच सीट बसवून घेतली, खुर्चीखाली ठोकळे ठोकून घेतले, झोपताना दोन पायांत उशी ठेवायला सांगितली. पाटावरचं देवघर टेबलावर गेलं, कारण मांडी घालायची नव्हती आणि पूजा सोडायला आक्का तयार नव्हत्या.

दीड महिन्यानं धाकट्याचा पुण्याहून फोन आला, "आईसाठी दिवसभराची बाई ठेवू या का?"

"कशाला? सकाळचा चहा तिनंच केला. साखरेचा डबा खालच्या फळीवर होता, तेवढा मी काढून दिला."