भावाची तारीख आणि बहिणीचा हक्क



आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातील एका कुटुंबात वडिलांच्या निधनानंतर काही वर्षांनी वाटणीचा विषय निघाला. वृद्ध आई, एक मुलगा, दोन विवाहित मुली. वडिलांच्या मालमत्तेत घराबरोबरच एका बँकेचे काही समभाग होते. मुलगा शिकलेला आणि नमाजाचा पाबंद. तो त्या बँकेच्या जुन्या भावांचा तक्ता छापून घेऊन माझ्याकडे आला. तक्त्यावर दोन ठिकाणी लाल शाईने खुणा केल्या होत्या.

मी विचारले, "ही पहिली खूण कशाची?"

"अब्बांनी ज्या वर्षी समभाग घेतले, त्या वर्षातला सर्वांत वरचा भाव. बँकेचा नफा व्याजाचा, तो आम्हाला नको. मुद्दल तेवढे ठेवू, वरचे गरिबांना देऊन टाकू."

"आणि ही दुसरी?"

"त्यांच्या निधनानंतरचा सर्वांत खालचा भाव. त्यावरून बहिणींचा हिस्सा काढला आहे."

दोन्ही आकडे खरे होते. शेअर बाजाराच्या नोंदीत ते आजही जसेच्या तसे सापडतील. तरीही त्या दोन खुणा एकाच कागदावर पाहताना मला पवित्र कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीनची आठवण झाली. स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि दुसऱ्याला देताना माप कमी करणारे, अशा लोकांच्या विनाशाची घोषणा करूनच ती सूरह सुरू होते. आपण ती ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर मोंढ्यातील एखादा धान्याचा व्यापारी येतो. आपल्या हातातला तक्ता हेही एक माप आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

म्हणून आजचा प्रश्न असा: जुना भाव ही इतिहासातील केवळ एक नोंद आहे की ती एक अमानतही आहे?

आधी मूळ मसला स्पष्ट असावा. पारंपरिक बँकेचा मुख्य व्यवसायच व्याजाचा असल्याने तिचे समभाग घेणे बहुसंख्य उलमांच्या मते जायज नाही. मुंबई शेअर बाजाराने २०१० मध्ये 'तासीस शरिया ५०' हा निर्देशांक सुरू केला, तेव्हा त्यातही अशा बँकांना जागा नव्हती. तेव्हा बँकेचा भाव पाहून नफा कमवावा, हा या लेखाचा विषय नाही. परंतु वडिलांनी अजाणतेपणी घेतलेले समभाग जेव्हा वारसांच्या हाती येतात, तेव्हा जुना भाव समजून घेणे ही जबाबदारी ठरते. मुद्दल किती, वाढ किती आणि कोणाचा हिस्सा किती, हे त्याशिवाय ठरत नाही.

आता हा तक्ता वाचावा कसा? बाजाराच्या नोंदीत प्रत्येक दिवसाचे चार भाव असतात: उघडतानाचा, दिवसातील सर्वोच्च, सर्वांत कमी आणि बंद होतानाचा. म्हणजे दिवस एकच ठरवला तरी निवडीला वाव उरतोच. शिवाय रुपयाचा आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या मापातला आहे हे पाहावे लागते. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. निजामाच्या काळात येथे हाली सिक्का चालत असे आणि सीमेपलीकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. जुन्या दस्तावर नुसते 'शंभर रुपये' लिहिलेले असले, तर शहाणा माणूस आधी विचारी, "कोणते रुपये?" हे हाली चलन सांभाळण्यासाठी १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून ओळखली गेली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

त्याच भारतीय स्टेट बँकेच्या समभागाचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१० मध्ये त्याचा भाव अडीच हजार रुपयांच्या पुढे होता. आज मोबाइलवरचा आलेख उघडला, तर त्याच महिन्यासमोर अडीचशेच्या पुढचा आकडा दिसतो. यात कोणी खोटे बोलत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका समभागाचे एक रुपयाचे दहा समभाग झाले. आलेख तयार करणारे मागील सर्व भाव नव्या मापात बदलून दाखवतात, तर बाजाराच्या मूळ दैनिक नोंदीत जुना आकडा तसाच राहतो. बोनस समभाग दिले गेले की असाच फरक पडतो. आता एखाद्याने वडिलांच्या कागदावरचा जुना भाव घेतला आणि त्याला आजच्या समभागसंख्येने गुणले, तर मुद्दल दहापट फुगेल आणि दान करायची रक्कम कदाचित उरणारच नाही. अज्ञानातून झाले तर ती चूक आहे. कळूनही तसेच ठेवले, तर ती लबाडी आहे.

दुसरे उदाहरण येस बँकेचे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिच्या एका समभागाचे पाच झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये भाव चारशे रुपयांच्या वर गेला. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्याच दिवशी भाव साडेपाच रुपयांच्या आसपास कोसळला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याने पन्नाशी ओलांडली. जुलै २०२० मध्ये बँकेने नवे समभाग बारा रुपयांनी विकले.

समजा, एखाद्या घरात या बँकेचे ३२० समभाग मागे राहिले. वारस वरच्याप्रमाणेच: पत्नी, एक मुलगा, दोन मुली. कर्ज आणि वसीयत यांची पूर्तता झाल्यावर सूरह अन-निसानुसार पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ४०. उरलेल्या २८० पैकी मुलाला १४० आणि प्रत्येक मुलीला ७०. हे गणित अल्लाहने ठरवून दिले आहे. त्यात मुलगा काही बदलू शकत नाही, आणि बहुतेक घरांत तो बदलू पाहतही नाही. मात्र चारशेच्या भावाने ७० समभागांचे २८,००० रुपये होतात, बाराच्या भावाने ८४० आणि साडेपाचच्या भावाने ३८५. हिस्सा अबाधित राहिला, आयतीचे पालन झाल्याचे समाधानही मिळाले आणि बहिणीच्या हाती ३८५ रुपये पडले. कुरआनाचा अपूर्णांक न बदलता, केवळ तारीख निवडून, कुरआनाचा हुकूम पोकळ करता येतो.

कोणी म्हणेल, मग भावावर सर्वोच्च भावाची सक्ती करायची का? तसेही नाही. मार्च २०२० मधील पुनर्रचना योजनेने शंभराहून अधिक समभाग असलेल्यांचे पंचाहत्तर टक्के समभाग तीन वर्षांसाठी गोठवले होते. पन्नाशीचा भाव पडद्यावर होता, पण त्या समभागांना तो मिळू शकत नव्हता. भावाला जे मिळूच शकले नसते, ते त्याच्याकडून वसूल करणे हाही जुलूमच. न्याय बहिणीसाठी आहे तसा भावासाठीही आहे.

मग योग्य तारीख कोणती? शरीअतचे उत्तर सरळ आहे. मृत्यूच्या क्षणी मालमत्ता सर्व वारसांची सामायिक होते आणि वाटणी होईपर्यंत तिची वाढ-घट सर्वांच्या हिश्शाप्रमाणे सर्वांची असते. म्हणून भाव धरायचा तो प्रत्यक्ष वाटणीच्या दिवसाचा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बँकेचे समभाग विकून टाकणे. ते जवळ ठेवणे जायज नसल्याने तसेही विकायचेच आहेत. विकून आलेल्या रकमेतून मुद्दल सर्वांनी हिश्शाप्रमाणे घ्यावे, आणि वरची वाढ पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना द्यावी, असे अनेक उलमा सांगतात. आपल्या प्रकरणाचे बारकावे विश्वासू मुफ्तींना विचारावेत. भावाने समभाग पूर्वीच विकले असतील, तर ज्या दिवशी विकले त्या दिवशी हातात आलेली रक्कम हाच हिशेबाचा पाया. त्यानंतर भाव कोसळला म्हणून बहिणीचा हिस्सा कोसळत नाही.

'डिमॅट खात्यावर नामनिर्देशित म्हणून माझे नाव आहे, म्हणून समभाग माझे', असे कोणी समजत असेल, तर तो गैरसमज दूर करावा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात स्पष्ट केले आहे की, नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क संपत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर नामनिर्देशित व्यक्ती अमीन आहे, मालक नाही.

तारीख निवडण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. २०१८ मध्ये दीर्घकालीन नफ्यावर कर आला, तेव्हा आधीच्या वाढीचा हिशेब करण्यासाठी ३१ जानेवारी २०१८ हीच तारीख सर्वांसाठी ठरवून देण्यात आली. करदात्याला सोयीची तारीख निवडू दिली नाही. घरातल्या वाटणीत मात्र वर कोणी अधिकारी बसलेला नसतो. बहीण बहुधा तक्ता पाहत नाही, पाहिला तरी माहेर तुटू नये म्हणून बोलत नाही. तिचे मौन ही संमती आहे असे आपण मानतो. आखिरतमध्ये ते मौन सुटेल, याचा विचार आपण करत नाही.

कागद हरवले असतील, नेमका दिवस आठवत नसेल, तर काय करावे? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक छोटा प्रसंग येथे पुरेसा आहे. बाजारात मोबदला घेऊन वजन करून देणाऱ्या एका माणसाला त्यांनी सांगितले की, तोल आणि पारडे थोडे झुकते ठेव. कीमत चुकवणारे ते स्वतः होते, आणि पारडे झुकणार होते ते समोरच्याच्या बाजूने. हाच आपला नियम असावा. मुद्दलाबद्दल शंका असेल, तर कमी धरा. बहिणीच्या हिश्शाबद्दल शंका असेल, तर जास्त धरा. संशयाचा फायदा स्वतःला देऊ नका.

तो तरुण त्या दिवशी बराच वेळ गप्प बसला. मग त्याने तक्त्याची घडी केली आणि विचारले, "अब्बांनी पैसे भरल्याची पावती बँकेच्या पासबुकात सापडेल का?" मी म्हणालो, "शोधा. आणि शोधताना बहिणींनाही सोबत बसवा."

आपल्याही घरात असा एखादा तक्ता असेल, तर तो एकट्याने वाचू नका. ज्यांचा त्यात हक्क आहे त्यांच्यासमोर तो उघडा. अल्लाह आपणा सर्वांना घेताना आणि देताना एकच माप वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.