दुष्काळ आठवावा कसा?

केंदूर हे संत कान्होराज महाराज पाठकांचे गाव. शिरूर तालुक्याचा हा मुलूख पावसाला पारखा. वेळ नदीला पाऊस झाला तर पाणी, नाहीतर वाळू. अशा मुलखात म्हाताऱ्या माणसाला वय विचारावे, तर तो म्हणतो, “बहात्तरच्या दुष्काळात मी गुरं राखीत होतो, करा आता हिशेब!” दुष्काळ ही इकडची कालगणनाच होय.

१९७२ चे बोलणे निघाले, की खडी फोडल्याचे, पाझर तलावाची माती वाहिल्याचे, सुकडी खाल्ल्याचे, परदेशच्या तांबड्या मिलोची भाकरी गिळल्याचे सारे निघते. आणि शेवटी म्हातारी माणसे अभिमानाने म्हणतात, “पण थोराघरची बाई अन् मजुराची बाई एका ओळीत उभी होती हो! घमेले हातोहात जायचे.” ही आठवण सोन्यासारखी आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना त्या दुष्काळात लाखो हातांनी कसास लावली. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला, आणि २००५ साली साऱ्या देशाने तो कित्ता गिरविला. संकटाने गावाला सांगितले, की तुम्ही एक आहात.

परंतु आम्हांस एक विचारावेसे वाटते. माती वाहताना ओळ एक होती. मग तहान लागल्यावर पाण्याचा घडा एक होता, की दोन? घमेले हातोहात गेले. तांब्याही तसाच गेला काय? रागावू नका. ज्याने त्याने आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, म्हणजे झाले.

असे का विचारतो? तर आपल्या संप्रदायाची रीतच तशी आहे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. देहूला तुकोबारायांचे घर खाते-पिते, सावकारीचे. त्या घरातली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. दुसरा असता, तर ही गोष्ट पोटात ठेवता. महाराजांनी ती आपल्या अभंगात सांगून टाकली. आपल्याला लाज वाटली, हेही सांगितले. आणि लाज वाटून बसून राहिले नाहीत. परंपरा सांगते, की कर्जखते वाटून भावाचा निम्मा वाटा भावाला दिला, आपला निम्मा इंद्रायणीत सोडला. लोकांकडे येणे असलेले माफ केले. पडलेले देऊळ उभारले. अहो, ज्या आठवणीत आपली लाज आहे तीच माणसाला बदलते! नुसत्या अभिमानाची आठवण पारावर बसून विडी ओढायला बरी.

आता आपले अलीकडचे पाहू. २०२० साली कोरोनाच्या साथीत आषाढीला पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या, आम्ही घरी बसून टाळ वाजविले. “वारी चुकली नाही,” असे आपण सांगतो, आणि ते खरे आहे. पण त्याच वर्षी चैत्रात कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. पुण्या-मुंबईहून पायी आलेली गावचीच लेकरे बाहेर उभी राहिली. रोग खरा होता, भीतीही खरी होती. सावधपणाला पाप कोणी म्हणणार नाही. आम्हीही त्या भीतीत होतो. प्रश्न एवढाच, की काटीच्या पलीकडे भाकरी आणि पाणी पोहोचले काय? जिथे पोहोचले ते गाव वारकऱ्यांचे. जिथे नाही पोहोचले, तिथे पुढच्या पिढीला तेही सांगावे, म्हणजे पुढच्या संकटात तरी पोहोचेल.

सप्ताहाच्या शेवटी काला होतो. आणलेले सारे एकत्र होते आणि एकमेकांच्या मुखी घातले जाते. हे कुणाचे, ते कुणाचे, हे तिथे उरत नाही. आपल्या आठवणींचाही असाच काला करू या. पाटलाची आठवण घ्या, वेशीबाहेरच्याची घ्या, पाण्यासाठी थांबलेल्या बाईची घ्या. ती सर्वांच्या तोंडी पडली, तरच गाव एक. नाहीतर दुष्काळ येऊन गेला, आणि आपण कोण ते आपल्याला कळलेच नाही!

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!