लिसू लोक आणि दुरून केलेली प्रार्थना

चीनच्या युन्नान प्रांतात, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीलगतच्या डोंगरांत लिसू जमात राहते. १९०८ साली चीनला गेलेल्या जेम्स फ्रेझर या इंग्रज मिशनऱ्याने तिच्यात काम केले. त्याच्या आईने इंग्लंडमध्ये एक प्रार्थनामंडळ जमवले होते. फ्रेझर त्यांना पत्रांतून तिकडची हकिकत कळवी. प्रार्थना म्हणजे कामाची पूर्वतयारी नव्हे, ते कामच, अशी त्याची धारणा होती. देव सर्वज्ञ असेल तर त्याला प्रार्थनेतून सांगावे का लागते, हा जुना प्रश्न इथेही उरतोच. मात्र ज्यांच्यासाठी मागायचे ते कोण, कसे राहतात, हे मागणाऱ्याला ठाऊक असावे लागते. पत्रांचा उपयोग तो.

लिसू समाजात पूर्वापार भुताखेतांची पूजा होती आणि मोठा निर्णय घराचा असे, एकट्याचा नव्हे. म्हणून फ्रेझर अख्ख्या कुटुंबाच्या धर्मस्वीकारावर भर देई. त्यात एकेकाच्या सदसद्विवेकाला कितपत वाव राहिला, ही शंका रास्त आहे. लिसू भाषेला मिळालेल्या लिपीचे ऋण मात्र निर्विवाद. करेन धर्मप्रचारक बा थॉ याने आरंभलेली, फ्रेझरने सुधारलेली ही लिपी रोमन मोठी अक्षरे सुलटी-उलटी मांडून बनली आहे. चीन सरकारने तिला १९९२ मध्ये अधिकृत मान्यता दिली.