दोन श्लोकांची कानउघाडणी

मुळशी खोऱ्यात हरिनाम सप्ताह बसतात, ज्ञानेश्वरीची पारायणं होतात. ज्या गीतेवर ती टीका, तिचा पहिलाच अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाची आग होतेय, हातातलं गांडीव निसटतंय. वैद्याने टिपावीत तशी ही लक्षणं. कृष्ण आधी त्याला झापतो: दुबळेपणा टाक, ऊठ. ही कानउघाडणी जेमतेम दोन श्लोकांची, आणि तिचा उपयोग होत नाही. अर्जुन लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. पुढे सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखं आवरेना, अशी तक्रार तो करतो, तेव्हा कृष्ण आधी ती मान्य करतो आणि मग उपाय सांगतो.

शाळकरी मुलांच्या बाबतीत आपण मात्र बहुधा त्या दोन श्लोकांपाशीच अडतो.

परिपाठाची वेळ झाली की एखाद्या मुलाचं पोट दुखायला लागतं. दवाखान्यात काही निघत नाही. मग ‘नाटकं करतोय’, ‘लाडावलाय’. घरात मीठमोहऱ्यांनी दृष्ट निघते, कुणी देवऋषीकडून अंगारा आणतं. आईला त्याने धीर येत असेल तर तिला बोल लावू नये. पण मुलाला काय होतंय, हे विचारायचं राहूनच जातं. मनाचं दुखणं ज्याच्या त्याच्या प्रारब्धावर सोडलं, की गावाची जबाबदारी संपते. इथे तर प्रारब्धाचा सिद्धांत अगदीच तोकडा पडतो: दहा वर्षांच्या पोराने आपलं घर निवडलेलं नसतं, शाळाही नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी तिघे. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे.

खरी मेख इथेच आहे. हिंजवडीच्या मोठ्या शाळा या आकड्यात सहज बसतील. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीवस्तीवरची, कातकरी मुलं शिकतात ती छोटी शाळा बसणार नाही, आणि तज्ज्ञ तिथून कोसभर अंतरावर नसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, पण घरातला एकच फोन वडिलांच्या खिशात असेल, तर मूल त्यावर वडिलांबद्दल काय बोलणार?

जिल्हा परिषद शाळांची केंद्रं आधीच आखलेली आहेत, केंद्रप्रमुखही आहेत. प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक द्यावा, त्याचा प्रत्येक शाळेतला वार ठरलेला असावा, आणि आशाताईंना व शिक्षकांना मुलाला कुणाकडे धाडायचं ते नावानिशी ठाऊक असावं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातही मुलांसाठी एक दिवस राखून ठेवावा. ग्रामसभेने हा ठराव रस्त्याच्या ठरावाइतक्याच नेटाने लावून धरायला हवा.