शहाणपणाची कसोटी कोणाच्या हाती?

ऋषी, मुनी, ज्ञानी, संत हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. पण त्यांच्यामागे शहाणपणाच्या निरनिराळ्या कल्पना आहेत, आणि त्या घडायला हजारो वर्षे लागली.

ऋग्वेदातला ऋषी म्हणजे ज्याला मंत्र दिसला तो. लोपामुद्रा, घोषा, अपाला या स्त्रियाही त्या मालिकेत आहेत. दर्शनाने मिळालेल्या या ज्ञानाचा अधिकार दर्शनातच होता. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात लांब केसांचा, वाऱ्यासोबत विहरणारा मुनी भेटतो. जगरहाटीपासून दूर गेलेल्या या माणसाला पुढे श्रमण परंपरेत मोठे स्थान मिळाले. बुद्धाला शाक्यमुनी म्हणतात. जैन साधूंना आजही मुनी म्हणतात.

उपनिषदांनी या ज्ञानाला भर सभेत उभे केले. जनक राजाने सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्त्यासाठी हजार गायी ठेवल्या आणि याज्ञवल्क्याने वाद सुरू होण्याआधीच त्या हाकून न्यायला सांगितले. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. गार्गीला त्याने एकदा धाक घालून थांबवले; पण ती पुन्हा उभी राहिली, दोन प्रश्न घेऊन. त्यांची उत्तरे मिळाल्यावर याला कोणी जिंकू शकणार नाही, असा निर्वाळा तिनेच सभेला दिला. ज्ञान्यावर शिक्कामोर्तब केले ते प्रश्न विचारणारीने.

गीतेत अर्जुनाचा प्रश्न आणखी जमिनीवरचा आहे. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? इथे कसोटी वादातून वागण्यात आली.

महाराष्ट्रात तेराव्या-चौदाव्या शतकांत ही कसोटी कष्टकऱ्यांच्या हाती गेली. संतमेळ्यात गोरोबा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. नामदेव दुखावले खरे, पण पुढे विसोबा खेचरांना गुरू मानून शरण गेले. पांडित्याचा वारसा नसलेला कुंभार परीक्षक होतो आणि विठ्ठलाचा लाडका भक्त त्याचा निकाल अखेर मानतो, ही कल्पनाच विलक्षण आहे. शिंपी, माळी, न्हावी, दासी जनाबाई आणि गावकुसाबाहेरचे चोखोबा यांना संत म्हणणाऱ्या समाजाने ज्ञानाचा जन्माशी असलेला संबंध निदान भक्तीत तरी सैल केला. व्यवहारात मात्र चोखोबांना मंदिराचे दार बंदच राहिले, हे विसरता येत नाही.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. त्या कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कोणी पाया पडू लागले तर त्यांना ते खपत नसे.

या सगळ्या प्रवासातून मला एकच निकष हाती लागतो. जो प्रश्नाला सामोरा जातो आणि ज्याच्या शब्दामागे वागणूक उभी असते, तो ज्ञानी. आज पदव्या आणि बिरुदे सहज मिळतात, अनुयायीही मिळतात. म्हणून कोणालाही गुरू मानण्यापूर्वी त्याला एक अवघड प्रश्न विचारा. तो रागावला, तर तिथूनच परत फिरा.