मुक्या यकृतासाठी

पांडुरंगा, रिपोर्ट तुझ्या फोटोपुढे ठेवलाय. यकृताचं एसजीपीटी ८८. चाळीसच्या आत हवं होतं. तुला आकडे काय सांगायचे! पण घरात सांगितले की सगळ्यांचे चेहरे उतरतात, म्हणून तुला सांगतो.

हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, तुझे उपकार. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. "घेता का?" ज्याने त्याने हेच विचारलं. गळ्यात तुझी माळ असताना! राग आला, देवा. मग वाटलं, घेणाऱ्याचं यकृतही तूच घडवलंस, त्याचंही दुखणं दुखणंच. माझा राग काढून घे. त्यालाही बरं कर.

किती राबतं रे ते! उजव्या बरगड्यांआड बसून पित्त करतं, साखर साठवतं, औषधं पचवतं, आणि चरबीने भरलं तरी सहसा दुखत नाही. पेशींना इजा झाली की त्यांतली एन्झाइम्स रक्तात उतरतात, तेवढीच त्याची तक्रार. आजवर मी त्याची कधी आठवणही काढली नव्हती. त्याला पुन्हा भरून यायची ताकद तू दिलीस. त्याबद्दल हात जोडतो.

शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घे म्हणतात. मायेने म्हणतात. पण गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्येच नोंदवलंय. काकूंना न दुखवता नाही म्हणता येऊ दे. मनाने औषध सुरू करू देऊ नकोस, मनाने बंदही करू देऊ नकोस.

चमत्कार नको मला. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर चरबी हटते, सूजही ओसरते, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू उतरवा, म्हणाले. ते माझं काम. तू फक्त माझी जीभ सांभाळ. तुझ्याच एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर, वर शेंगदाण्याचा लाडू. उपास कसला, सणच तो! यंदा ताकावर आणि एखाद्या फळावर भागवू दे. तुझं काही म्हणणं नसेल ना?

भीती वाटते, विठ्ठला. रात्री सिरॉसिस हा शब्द डोक्यातून जात नाही. तेवढी भीती घे, झोप दे.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. आकडा खाली येऊ दे. नाही आला, तरी माझं सकाळचं चालणं थांबू देऊ नकोस. उद्या साडेपाचला उठव मला, पांडुरंगा.