माहुलीचे नवरा-नवरी आणि अहल्येची शिळा

गेल्या वर्षी मार्गशीर्षात शहापूर तालुक्यात, माहुली किल्ल्याच्या पायथ्याजवळील एका गावी हरिनाम सप्ताह होता. चौथ्या दिवसाचे कीर्तन माझ्याकडे होते. आसनगाव स्टेशनात उतरले की माहुलीचे सुळके दिसू लागतात. त्यांतील दोघांना लोक नवरा आणि नवरी म्हणतात. त्यांचे लग्न लावणारा भटोबाही तेथेच आहे, आणि वजीर नावाचा एक ताठ सुळका आपला निराळाच उभा. (भटोबा दक्षिणेसाठी थांबला आणि तेथेच राहिला, अशी माझी आपली समजूत!)

निरूपणात दृष्टांत म्हणून अहल्येची कथा आली. रंग चढला होता. बोलण्याच्या ओघात मी काळोखात डोंगराच्या दिशेने हात केला आणि म्हणालो, "अहो, तुमच्याच गावावर पाहा ना! वऱ्हाडच्या वऱ्हाड दगड होऊन उभे आहे. पाप केल्यावाचून का कोणी दगड होतो?" टाळकऱ्यांनी माना डोलावल्या, गजर झाला. त्या वऱ्हाडाच्या पापाची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ती माझ्याच जिभेने तेथल्या तेथे रचली.

कीर्तन आटोपल्यावर एक बाई पाया पडायला आल्या. कडेवर सात-आठ वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय जन्मापासून लुळे. म्हणाल्या, "महाराज, त्या नवरा-नवरीचं पाप तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या पोरानं काय केलं होतं, तेवढं सांगा ना."

स्वरात राग नव्हता. त्या खरोखरच विचारीत होत्या. मी "पांडुरंगाची इच्छा" असे काहीतरी पुटपुटलो, पोराच्या कपाळी बुक्का लावला आणि बाजूला झालो. त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी गावातल्या शाळेचे एक गुरुजी म्हणाले, चला, सुळके जवळून दाखवतो. तानसा अभयारण्याचे हे रान, वाट चढाची. माझे गुडघे आता साठीपलीकडचे, म्हणून दर शंभर पावलांवर बैठक. गुरुजी सांगत होते ते असे: हा सारा सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईतून उसळलेला तप्त रस, थरावर थर थिजलेला. थिजताना तो आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांत पावसाचे पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात, दिवसा ऊन तापवते आणि रात्री गारवा आवळतो. भेग रुंदावते, कडा निखळतो. सलग भिंत होती तिचे तुकडे होतात आणि मधले जे उरते तो सुळका. मी विचारले, "मग जो उरला तो पुण्यवान म्हणायचा की काय?" गुरुजी हसले. "कसला पुण्यवान, महाराज! त्याला भेगा कमी पडल्या, एवढेच. पाऊस सगळ्यांवर सारखाच."

पाऊस सारखाच! हे शब्द ऐकले आणि पाठशाळेतले दिवस आठवले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्याच पादात प्रश्न आहे की जगात कोणी सुखी, कोणी दुःखी, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? तेथे आचार्यांनी पावसाचाच दृष्टांत दिला आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखा पडतो. भात, नाचणी वेगवेगळी उगवते ती बियांमुळे. तसा भेद जीवांच्या कर्मामुळे. हे आम्ही घोकून पाठ केले, पंचवीस ठिकाणी सांगितले. पण हा विचार कोणासाठी केला, ते मी विसरलो होतो. ईश्वरावर क्रौर्याचा आळ येऊ नये म्हणून तो केला आहे. शेजाऱ्याच्या घरातले लुळे पोर पाहून त्याच्या मागल्या जन्माची झडती घ्यावी, असा परवाना त्यात कोठे आहे? कोणी म्हणेल, मग कर्मसिद्धांत खोटा का? खोटा मी म्हणत नाही. परंतु कर्माची गती गहन आहे असे भगवंत स्वतः गीतेत सांगत असता, ती मला मात्र कडेवरचे पोर पाहताक्षणी उलगडली, असे कसे झाले?

आणि अहल्या! वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा नाहीच. शाप आहे, पण तो कोणाला न दिसता, वायू भक्षून, राखेत पडून तप करण्याचा. राम-लक्ष्मण आश्रमात येतात आणि ते दोघे राजपुत्र तिचे पाय धरतात. शिळेची कथा पुढच्या परंपरेने गोड केली, तिच्याशी माझे भांडण नाही. पण तीस-पस्तीस वर्षे मी ती शिळाच सांगत आलो, आणि रामाने वाकून धरलेले पाय गाळत आलो. शिळेने श्रोते दचकतात, हे मला माहीत होते.

दगडात माणूस दिसणे हा काही आपलाच गुण नव्हे. अमेरिकेत युटा प्रांतात ब्राइस कॅन्यन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, 1928 सालापासूनचे. तेथे गाळाच्या मऊ खडकाचे हजारो खांब उभे आहेत. भेगांतले पाणी वर्षातून दीडशेहून अधिक वेळा गोठते, वितळते आणि खडक फोडते. तेथले मूळचे पायूट लोक सांगत आले की ही वाईट वागलेली माणसे असून कोयोटी नावाच्या दैवी कोल्ह्याने त्यांना दगड केले. वाचून मी चकित झालो. सातासमुद्रापलीकडेही तीच माझी जीभ!

परंतु याच काळ्या पाषाणाकडे मुरबाडकरांनी कसे पाहिले? देहरी गावावर दोन सुळके आहेत, गोरखगड आणि मच्छिंद्रगड. पाऊस तोच, भेगा त्याच. मुरबाडकरांना तेथे शिष्य आणि गुरू दिसले. शिक्षा कोणाचीच दिसली नाही. माहुलीच्या लोकांनी तरी नवरा-नवरी एवढेच नाव ठेवले होते. ते मंगलच होते, पाप त्याला मी चिकटवले.

यंदा त्याच गावी पुन्हा बोलावणे आले. मी अहल्येचीच कथा घेतली आणि राम-लक्ष्मण पाय धरतात तेथे आणून थांबवली. तो मुलगा मृदंगाशेजारी गोणपाटावर बसला होता, मांडीवर थाप धरीत होता. ठेका चुकत नव्हता. कीर्तनानंतर त्या बाई नमस्काराला येत होत्या, त्यांच्याआधी मीच वाकलो. म्हणालो, "माउली, गेल्या साली डोंगराचं जे बोललो, ते माझ्या पदरचं होतं. शास्त्रातलं नव्हतं."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग "बरं" एवढेच म्हणाल्या आणि पोराला उचलून पंगतीकडे गेल्या.